इरिडियम प्लगने अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या ऑटो पुरवणीत बाईकच्या मेंटेनन्सवर लेख आला होता, बाकी छान होता पण "इरिडियम प्लग टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल" हे वाचून राहवलं नाही (इरिडियम प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग, फक्त टोक इरिडियम धातूचं). हेच ऐकवून एका गॅरेजवाल्याने गेल्या वर्षी माझ्या १२५ सीसीला सव्वाशे रुपयांच्या प्लगऐवजी सहाशेचा बसवला. अ‍ॅव्हरेज आधी ५२ होतं, नंतरही ५२च.

अहो, हा महागडा धातू झीज कमी व्हावी म्हणून असतो. साध्या प्लगचं मधलं टोक निकेलच्या मिश्रधातूचं, साधारण अडीच मिमी जाड (सगळे त्याला कॉपर प्लग म्हणतात, पण तांबं आत गाभ्यात असतं, उष्णता ओढून घ्यायला, ठिणगी निकेलवरच पडते). टोक बारीक असलं की ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये पडते, पण निकेल तेवढं बारीक केलं तर बघता बघता झिजून जाईल कारण ते १४५५ अंशाला वितळतं. प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम तर २४०० च्या पुढे, म्हणून त्याचं टोक ०.६ मिमी, काहींचं ०.४, म्हणजे पोरांच्या पेन पेन्सिलच्या शिशाएवढं ठेवता येतं. धातू लागतो चिमूटभर, पण जगात वर्षाला निघतो जेमतेम सात-आठ टन, तोही बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणीतून, मग महाग असणारच.

ज्या कारमध्ये प्लगपर्यंत पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं तिथे लाख किमी चालणारा प्लग हवाच, कंपनीच बसवून देते. बाईकचा प्लग पाच मिनिटांत निघतो हो. आणि काही इरिडियम प्लगचं फक्त मधलं टोक भारी असतं, समोरचा वाकडा दांडा निकेलचाच, तो झिजायचा तेव्हा झिजणारच, मग कुठले लाख किमी?

आता माझ्या प्लगचं काय झालं ते सांगतो. पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजमधल्या पोराने सवयीप्रमाणे वायर ब्रश मारला आणि टोक आणि दांड्यामधली गॅप सेट करायला मापाची पट्टी (गेज) दामटली. इरिडियम ठिसूळ, टोक टिचकन तुटलं. "साहेब, प्लग खराब निघाला" म्हणे! नव्या प्लगचे पैसे पुन्हा मलाच भरावे लागले.

आता सव्वाशेचाच बसवलाय, मॅन्युअलमध्ये तोच नंबर दिलाय. पुढच्या पुरवणीत तेवढी दुरुस्ती छापा, आणि इरिडियमला ब्रश लावू नका हेही जरा मोठ्या अक्षरात.

आपला,
एक नेहमीचा वाचक, सातारा