गुलमोहर पाडलात, पर्जन्यवृक्ष राखलात, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या उद्यान विभागाकडे येणारी पत्रं बहुधा दोनच प्रकारची असणार. 'झाड धोकादायक झालंय, ताबडतोब तोडा' किंवा 'आमचं झाड तोडलंतच कसं'. हे आभाराचं आहे. खासगीत न लिहिता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण झाड बघायचं कसं हे आमच्या गल्लीला तुमच्यामुळे कळलं, ते इतरांनाही उपयोगी पडेल.

पुण्यात वळवाचा पहिला पाऊस झाला की अग्निशमन दलाचे फोन झाडपडीने खणखणायला लागतात. शेजारच्या रस्त्यावर उभ्या रिक्षावर झाड पडलं (आत कोणी नव्हतं, नशीब) आणि आमच्याकडे सगळ्यांची बोटं कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाकडे वळली. अवाढव्य, त्यात रस्त्याकडे कललेला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मुळासकट काढा म्हणणारे एकीकडे, पानालाही हात लावू नका म्हणणारे दुसरीकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही आलात आणि बराच वेळ वर बघितलंच नाहीत. बुंध्याभोवतीची माती बघत फिरलात. कललेलं झाड म्हणजे पडणारं झाड नव्हे, हे तेव्हा समजलं. लहानपणापासून कललेलं झाड वाढता वाढता शेंडा पुन्हा आभाळाकडे वळवतं, आणि खोडाला तो बाक दिसतो. भीती धरायची ती नव्या कलाची. खोड सरळच्या सरळ एका बाजूला झुकलंय, उलट्या बाजूची माती उचललीय, तिला भेगा पडल्यात, तर मुळांनी जागा सोडली समजायचं. आमच्या पर्जन्यवृक्षाचा बाक जुना, माती घट्ट. वरच्या काही वाळक्या फांद्या तेवढ्या तुम्ही लिहून घेतल्यात.

मग तुम्ही न सांगता गुलमोहराकडे गेलात. त्याच्याविषयी कोणाची तक्रारच नव्हती. मे महिन्यात लालभडक फुलतो, मुलं त्याच्याखाली बसची वाट बघतात, इस्त्रीवाल्या काकांचं टेबल त्याच्याच सावलीत. तुम्ही पहिला प्रश्न काकांना विचारलात, "बुंध्याशी अळंबी येते का हो?" काका म्हणाले, "दर पावसाळ्यात येते की. चांगली टणक असते. मीच तोडून टाकतो." तुम्ही लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकत गोल फिरलात. एका बाजूला भरीव आवाज येत होता, रस्त्याच्या बाजूला रिकाम्या पिंपासारखा. ढोलीत घातलेली सळई बरीच आत गेली.

"पण हा तर एवढा फुललाय," असं कोणीतरी म्हणालंच. तुमचं उत्तर मी पुष्कळांना सांगत असते. पाणी वर नेण्याचं काम सालीखालचं बाहेरचं लाकूड करतं, मधला गाभा फक्त आधार देतो. गाभा कुजला तरी झाड हिरवं राहतं, फुलतं, आणि एका वादळात बुंध्याशी मोडतं. बाहेर अळंबी दिसते तेव्हा आत बुरशी बरीच पसरलेली असते. त्यात गुलमोहराची मुळं उथळ. केबलसाठी चर खणणाऱ्यांनी एका बाजूची तोडलेली, तारांसाठी फांद्या एकाच बाजूच्या छाटलेल्या, आणि फुटपाथचं काँक्रीट थेट बुंध्याला भिडलेलं. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी करायला सांगितलं होतं. आमच्या फुटपाथपर्यंत ते पोचलं नव्हतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा रस्त्यावरचं झाड परवानगीशिवाय तोडू देत नाही, पण मेलेल्या, रोगट किंवा जिवाला धोका असलेल्या झाडासाठी वाटही ठेवतो. गुलमोहरावर नोटीस लागली. हरकत घेणाऱ्या आजोबांना तुम्ही स्वतः ढोलीपाशी नेऊन सळई हातात दिलीत. त्यांनी हरकत मागे घेतली. रागावूनच, पण घेतली.

तोडायच्या दिवशी वीज बंद करून घेतलीत, गाड्या हलवायला लावल्यात, बसथांबा तेवढ्यापुरता पुढे नेलात. दोरावर चढलेल्या मामांचे आभार वेगळे मानायला हवेत. पर्जन्यवृक्षाची वाळकी फांदी काढताना त्यांनी आधी खालून चीर दिली, मग थोडं पुढे सरकून वरून कापलं, आणि उरलेला खुंट शेवटी उतरवला, तोही खोडाला घासून नव्हे, फांदीच्या बुडाशी असते ती फुगीर कड शाबूत ठेवून. खालची चीर नसती तर फांदीच्या वजनाने साल खोडापर्यंत सोलली गेली असती, आणि ती कड कापली तर जखम नीट मिटत नाही. "आलाच आहात तर शेंडाही उडवा, दहा वर्षं बघायला नको," असं आमच्यापैकी काहींनी खालून ओरडून सांगितलं. मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तुम्ही मात्र थांबून समजावलंत: शेंडा उडवला की कापलेल्या जागी फुटव्यांचा झुपका येतो, ते नुसते सालीजवळ चिकटलेले असतात, आणि जाड झाले की तेच रस्त्यावर येतात. दरवर्षी पावसाळ्याआधी शहरभर झाडांचे जे खांब करून ठेवलेले दिसतात, ते करणाऱ्यांना तुमच्या हाताखाली आठवडाभर ठेवायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांसाठी ताडपत्रीची सोय सोसायटीने केली, पण ती तापते आणि ते ऐकवतात. गुलमोहराच्या जागी, वर तारा आहेत म्हणून, तुम्ही सुचवलेला ताम्हण लावलाय. भोवतीचं काँक्रीट फोडून माती मोकळी केलीय. पाणी काकाच घालतात.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याच जागांवरून फोटो काढून ठेवा म्हणाला होतात. पर्जन्यवृक्षाचे यंदाचे फोटो तुमच्या कार्यालयात दिलेत. शाळेकडच्या दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात साल आत दुमडल्यासारखी दिसते आणि खाली बारीक चीर आहे. मागच्या वर्षीच्या फोटोत ती नाही. मृगाआधी एकदा येऊन बघाल का? मामांनाही घेऊन या.

आपली नम्र,
गल्लीतली एक रहिवासी