राजापूरच्या पलीकडून

सांगली, १४ जुलै

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. उशीर झाला त्याला कारण आहे, आणि तेच सांगायला बसलोय. तालुक्याच्या बातमीदारांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मिरजेत एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला, तीन दिवस, बावीस माणसं. विषय काय, तर हवामानबदल आणि दोन राज्यांतून वाहणारं कृष्णेचं पाणी. ‘तू आणि मास्तर?’ म्हणून हसशील. हस. बायकोही हसली.

बावीसांतले सोळा आपल्याकडचे, म्हणजे शिरोळ, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ, जत असे. सहा पलीकडचे, कर्नाटकातल्या अथणी, चिक्कोडी, रायबागचे. चिक्कोडीचा एकजण तर आपल्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलतो, फक्त चिडला की कानडीत जातो. तो पहिल्याच दिवशी दोनदा गेला.

मी सगळ्यांना २०१९च्या महापुराच्या बातमीचं स्वतःचं एकेक कात्रण आणायला सांगितलं होतं. सकाळी ती भिंतीला चिकटपट्टीनं लावली. आपल्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक कात्रणात दोषी एकच, अलमट्टी, कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. मग चिक्कोडीवाल्यानं त्यांची कानडी कात्रणं वाचून अर्थ सांगितला. ‘महाराष्ट्राने पाणी सोडले, नदीकाठ पाण्याखाली.’ तारखा त्याच. पाणीही तेच, शिरोळ तालुक्यात राजापूरचा बंधारा ओलांडून पुढं गेलेलं. आधी खोली खदखदून हसली, मग एकेक जण गप्प होत गेला.

आपल्या बाजूच्या कात्रणांत एक माझं होतं. तुला आठवेल, तेव्हा मी डेस्कवर होतो. रात्रीचे साडेअकरा, जनरेटर धडधडतोय, खाली रस्त्यावर पाणी चढतंय, आणि पहिल्या पानाचा मथळा अडलेला. मी ‘अलमट्टीने सांगली बुडवली’ असा सहा कॉलमी ठोकून दिला. त्या रात्री मी एकाही माणसाला एक आकडासुद्धा विचारला नव्हता. फोन लागत नव्हते हे खरं, पण लागत असते तरी विचारलं असतं का, याची खात्री नाही. हे मी पोरांना सांगून टाकलं. त्यानंतर जरा मोकळं झालं वातावरण.

मग गणित काढलं. बंड्या, आपण पंचवीस वर्षं टीएमसी आणि क्युसेक छापत आलो, पण एकातून दुसऱ्यात कसं जायचं हे आपल्याला कुणी शिकवलं होतं? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. भागाकार केला की ११,५७४ येतं. म्हणजे साडेअकरा हजार क्युसेकनं चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी झालं. पलूसच्या पोरानं हा आकडा लग्नपत्रिकेच्या मागं लिहून पाकिटात ठेवला. आता त्या ऑगस्टात अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग चालला होता. पाच लाख म्हणजे दिवसाला त्रेचाळीस टीएमसी. अख्ख्या अलमट्टीची साठवण १२३ टीएमसीच्या आसपास. म्हणजे धरण अगदी कोरडं ठेवलं असतं, तरी तेवढ्या येव्यानं ते तीन दिवसांत तुडुंब भरलं असतं. कुणीतरी मागून म्हणालं, ‘मग आपण इतकी वर्षं काय लिहीत होतो?’ मी म्हटलं, थांब, तू आता उलट्या बाजूला घसरायला लागलास. तीन दिवसांचा अवकाश मिळणं ही पुरात लहान गोष्ट नाही. दरवाजे कधी उघडले, आधी किती रिकामं केलं होतं, कोयना-वारणेतून त्याच वेळी किती सुटत होतं, हे विचारायचंच. ‘कुणामुळं’ हा प्रश्न विचारू नका असं मी म्हणत नाही. ‘किती’ आणि ‘किती वेळ’ हे दोन प्रश्न त्याच्या आधी येऊ देत, एवढंच.

दुपारी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर नेलं. यातल्या निम्म्यांनी पुलावरची पातळी आजवर फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचलेली. खांबावरची ती रंगवलेली फुटांची पट्टी, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलेलं. एकाला म्हटलं, सत्तावन्नावर बोट ठेव. त्यानं मान इतकी वर केली की टोपी पडली. नदी त्या दिवशी बाराच्या आसपास होती, पाण्यावर जलपर्णी आणि एक तुटकी चप्पल.

तिथंच जतच्या बातमीदारानं विचारलं तो प्रश्न मला घरी आल्यावरही सुटेना. तो म्हणाला, ‘अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटर लिहितात आणि आयर्विनची पंचेचाळीस फूट. मग धरणामागं चढत येणारं पाणी, म्हणजे फुगवटा, इथवर येतो की नाही, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?’ बरोबर होतं त्याचं. मीटर समुद्रसपाटीपासूनचे, फूट पट्टीवरच्या शून्यापासूनचे. दोन्ही एका मोजपट्टीवर आणल्याशिवाय फुगवट्याचं भांडण हे भांडणच राहणार. २०१९नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या महापुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही, पात्रातली अतिक्रमणं आणि विक्रमी पाऊस याकडं बोट दाखवलं. इथल्या नदीकाठच्या कित्येकांना ते आजही पटत नाही. पण अहवाल पानं उलटून कुणी वाचलाय, असं विचारलं तेव्हा बावीसांत दोन हात वर आले. त्यातला एक चिक्कोडीचा.

कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादांचा इतिहास मी पाऊण तासात गुंडाळला, कारण जेवणानंतरची वेळ होती. बच्छावत लवाद, ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल असं, २०६० टीएमसी, त्यातलं आपलं ५६०, कर्नाटकाचं ७००, आंध्रचं ८००. मग २०१०चा ब्रिजेशकुमार लवाद, अलमट्टी ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी, आणि त्यावरची सर्वोच्च न्यायालयातली अडवणूक. पेंग येत होती सगळ्यांना. एकाच वाक्यावर डोळे उघडले. हे सगळं वाटप जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेलं, आणि पाऊसच तसा राहिलेला नाही.

इथून हवामानाकडं वळलो. हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. त्यामुळं पाऊस पडला की बदाबदा पडतो आणि मधले खाडे लांबतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या अभ्यासात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५मध्ये तिप्पट झाल्याचं दिसलं. पण मी सांगितलं, प्रत्येक पावसाला ‘हवामानबदलामुळे’ चिकटवायचं नाही. आणि ‘ढगफुटी’ हा शब्द तर कुलपात ठेवायचा. तासात शंभर मिलिमीटर पडला का? मोजला कुणी? नसेल तर साधा जोराचा पाऊस लिहा, कुणाचं काही बिघडत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की शासकीय कागदावर अतिवृष्टी होते. तेवढ्या दोन आकड्यांनी निम्मे मथळे आपोआप शांत होतील.

जतवाल्याला हे फार लागलं नाही. त्याचं म्हणणं वेगळं. सांगली बुडत होती त्याच आठवड्यात त्याच्या गावाला टँकर चालू होता. एकाच जिल्ह्यात एकीकडं होड्या, एकीकडं चारा छावणी. २०२२च्या डिसेंबरात कर्नाटकानं तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचं पाणी जतच्या सीमेवरच्या गावांत सोडलं, तेव्हा त्यानं तळ्याच्या काठावर उभं राहून फोटो काढलेला. सगळ्या चॅनलवाल्यांनी ‘कुठल्या राज्यात जायचंय’ एवढंच विचारलं म्हणाला, तळ्यात पाणी किती दिवस पुरेल हे कुणीच विचारलं नाही. हा माणूस मला शिकवायला यायला हवा होता.

आता एक गोष्ट, जी वर्गात कुणी बोललं नाही, ती चहाच्या टपरीवर बोलली. यातल्या बऱ्याच जणांना पगार नाही. बातमीला काही पैसे, नाहीतर जाहिरातीतलं कमिशन. आणि जाहिरात कुणाची, तर साखर कारखान्याची नाहीतर नेत्याच्या वाढदिवसाची. ‘सर, उसाला किती पाणी लागतं ते लिहिलं की पुढचा महिना कोरडा,’ असं एकजण म्हणाला. पाटाच्या पाण्यावर लिहायला सांगणारा मी, त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं? याला माझ्या तीन दिवसांच्या वेळापत्रकात रकाना नव्हता. मी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि विषय बदलला. त्याची लाज अजून वाटते.

शेवटच्या दिवशी निघताना शिरोळचा पोरगा आणि अथणीचा बातमीदार एकमेकांचे नंबर घेत होते. गेल्या आठवड्यात पावसानं जोर धरला. मी सहज शिरोळला फोन केला, तर तो बिझी. दहा मिनिटांनी त्याचाच आला. म्हणाला, ‘अथणीला बोलत होतो सर. रोज सकाळी मी राजापूरची पातळी आणि विसर्ग सांगतो, तो मला त्यांच्याकडच्या हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे किती उघडलेत ते सांगतो. आणि चिक्कोडीवाला कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेला की मेसेज टाकतो.’ त्याच्या बातमीत त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही राज्यांचे आकडे एका चौकटीत होते. मथळा मात्र वरच्या माणसानं बदलला होता. काय केला, ते विचारू नकोस.

नरसोबावाडीला दक्षिणद्वार होणार म्हणतात या दोन-चार दिवसांत, म्हणजे कृष्णेचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडणार. येतोस का? तुझी सासरवाडी जवळच आहे, निमित्त शोधायला नको. मिरजेला उतर, मी घ्यायला येतो. येताना तुझ्या आजोबांच्या त्या जुन्या वह्या आण, ज्यात ते पंचांगाच्या शेजारी पावसाची इंचं लिहायचे. पुढच्या खेपेला त्या पोरांपुढं ठेवायच्यात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
तात्या