किल्लारी, शाळिग्राम आणि आपले माळवद

मा. संपादक,
स. न.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या 1993 च्या भूकंपाचा विषय निघाला की ‘हिमालयात भूकंप होतो ते समजते, पण दख्खनच्या पठारावर कसा झाला?’ हा प्रश्न सोलापुरात अजून ऐकू येतो. उत्तर आपल्या विहिरींतूनच सुरू होते.

काळी माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पसरलेला लाव्हा. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा पट्टा दिसतो. तेवढा काळ लाव्हा थांबला आणि खालच्या दगडाची माती होऊ लागली, असे समजावे. लाव्हा थिजून 580 अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजामध्ये त्या वेळची चुंबकीय दिशा कायमची ठसते. ती मोजली तर हा दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजल्याचे कळते. आज सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तरेला आहे. पाषाण एकटा हलला नाही, त्याच्यासकट सगळा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा प्रचंड तुकडा, सरकला.

भूपट्ट लाव्हाच्या समुद्रावर तरंगतो, हे चित्र मात्र मुलांच्या डोक्यातून काढायलाच हवे. भूपट्टाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, घनच असते. तापल्यामुळे ते लाखो वर्षांत संथपणे वाहते. भूपट्टाची समुद्रतळाची कड थंड आणि जड झाली की त्यात बुडते आणि मागच्या भूमीला ओढून नेते. भारत आणि आशिया यांच्या मधल्या प्राचीन टेथिस समुद्राचा तळ असाच आशियाखाली गेला. मादागास्करपासून सुटलेला भारत एके काळी वर्षाला 15 सेंटिमीटरहून जास्त वेगाने निघाला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. खंडाचा खडक हलका असल्याने तो सहज बुडत नाही, चुरगळून वर येतो. गंडकी नदीतला, आपल्या देवघरातला शाळिग्राम निरखून पाहा. आतले चक्र हे त्याच समुद्रातल्या प्राण्याच्या शंखाचे वेटोळे आहे.

ही टक्कर संपलेली नाही. वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे रेटा चालूच आहे. पुढे अडल्यामुळे त्याचा ताण भूपट्टाच्या पोटातल्या जुन्या, कमकुवत भेगांवरही येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे अशीच भेग सरकली, तीही फार खोल नव्हे.

तरीही बहुतेक जीव घेतले ते घरांनी. भिंतीचे दोन दगडी पदर, मध्ये चिखल आणि कपच्या, डोक्यावर मातीचे माळवद, म्हणजे सपाट छत. हादऱ्याने पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. अशी घरे आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्यांची डागडुजी करताना किंवा नवी दगडी भिंत बांधताना उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर दोन्ही पदर सांधणारा आरपार दगड घालावा. नव्या घराला दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा हवाच. आणि माळवद गळते म्हणून दर पावसाळ्याआधी पांढरी माती नुसती वर टाकत जाऊ नये. आधी जुनी उतरवावी, मग नवी पसरावी.

– भूशास्त्राचे दोन शिक्षक, सोलापूर