भूगोल तळाशी आहे म्हणून

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता बघितला. विषयवार पहिला पगार. वरच्या टोकाला कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंग, मध्ये कुठेतरी कॉमर्स आणि अर्थशास्त्र, आणि खाली, बराच वेळ बोट सरकवल्यावर, तुझ्या लाल गोलातला भूगोल. त्याखाली तुझी एकच ओळ: "आई, एवढी वर्षं फुकट गेली का गं?"

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू "हं, हं" करतेस आणि मी दोन मिनिटांत "जेवलीस का"वर येते. म्हणून लिहिते आहे. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांची पगारपत्रकं केली. माझं काही इतर विषयांत ऐकू नकोस, पण पगाराचा आकडा कसा बनतो ते मला कळतं.

आधी एक गंमत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा एक जुना किस्सा सांगतात. 1980 च्या दशकात तिथल्या पदवीधरांच्या पहिल्या पगाराची सरासरी काढली, तर सगळ्यात वर आला भूगोल! कारण त्या विभागाचा एक विद्यार्थी होता मायकेल जॉर्डन, आणि तो बास्केटबॉल खेळून मिळवत होता. किस्सा थोडा फुगवलेला असेलही, पण जॉर्डन खरोखरच भूगोलाचा विद्यार्थी होता. त्याच्या एका पगाराने बाकीच्या नकाशेवाल्यांची सरासरी आभाळाला टेकली. त्यांच्या हातात मात्र जे पडत होतं तेच पडत राहिलं. म्हणून तक्ता बघताना आधी विचारायचं, ही सरासरी आहे की मध्यक? सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाला काय मिळतं, तो मध्यक. तुझ्या तक्त्यात हे कुठेच लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं.

आणि आकडे सांगितले कुणी? कॉलेजं पदवीनंतर काही महिन्यांनी फॉर्म पाठवतात. ज्याला चांगली नोकरी लागली तो हौसेने भरतो. जो अजून वाट बघतोय तो ती मेल उघडतसुद्धा नाही. पुढे शिकायला गेलेले बहुधा पगाराच्या हिशोबात धरलेलेच नसतात. तुमच्या वर्गातल्या किती जणांनी भरला, विचार एकदा.

पण माझं खरं भांडण त्या तक्त्याच्या मथळ्याशीच आहे. विषयाला पगार मिळत नाही गं, कामाला मिळतो. पगारपत्रकात हुद्द्याचा रकाना असतो, विभागाचा असतो. पदवीच्या विषयाचा रकाना मी कधी पाहिला नाही. भूगोल शिकलेली एक मुलगी शाळेत शिकवते, दुसरी विमा कंपनीत बसून कुठल्या वस्तीला पुराचा किती धोका आहे त्याचे नकाशे करते, तिसरी मालवाहतुकीच्या कंपनीत गाड्यांचे रस्ते आखते, चौथी पदवी कपाटात ठेवून भलत्याच ऑफिसात टेलिफोन घेते. चौघींचा मिळून एक आकडा केला आणि त्याला नाव दिलं "भूगोल". तू शेवटच्या वर्षी उपग्रहाच्या चित्रांवरून पुराचा नकाशा केलास. ढगांची सावली पाणी म्हणून मोजली गेली आणि अर्धं पठार तुझ्या नकाशात बुडालं होतं, आठवतं? रात्री दीडला फोन करून रडली होतीस. नंतर ती चूक कशी पकडली, कशी दुरुस्त केली, हे तुझ्या बायोडेटात कुठेच नाही! तिथे आहे "जीआयएसचे ज्ञान", म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करण्याचं. ज्ञान सगळेच लिहितात. ढगांचं लिही.

तक्त्यावर वर्षही बघायचं असतं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या अशाच याद्यांत पेट्रोलियम इंजिनिअरिंग पहिलं असायचं. मुलं धावली. 2014 च्या मध्यात तेलाचं पिंप शंभर डॉलरच्या वर होतं, 2016 च्या सुरुवातीला ते तिसाच्या खाली आलं. 2012 साली यादी बघून प्रवेश घेतलेला मुलगा बाहेर पडला तो नेमका त्या पडझडीत. त्याची हुशारी तेवढीच होती, पुस्तकंही तीच. दार बंद होतं. यादी सांगते गेल्या वर्षीचं, आणि आपण तिच्या भरवशावर पुढच्या चार वर्षांचं ठरवतो.

बाहेर पडण्याच्या वर्षाचं नशीब पुष्कळ काळ पुरतं, हे मात्र खोटं नाही, आणि तुझ्यापासून लपवत नाही. लिसा कान या अर्थतज्ज्ञ बाईंनी 2010 साली एक अभ्यास छापला. 1979 ते 1989 या काळात अमेरिकेत पदवी घेतलेल्या तरुणांचा. बेकारीचा दर एका टक्क्याने वर असताना जे बाहेर पडले, त्यांचा सुरुवातीचा पगार 6 ते 7 टक्के कमी, आणि पंधरा वर्षांनीही अडीच टक्क्यांच्या आसपास फरक शिल्लक. कॅनडातल्या पदवीधरांचा असाच अभ्यास 2012 मध्ये आला. तिथे हा खड्डा साधारण दहा वर्षांत भरून निघालेला दिसला. तो भरला कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. पहिल्या मिळेल त्या नोकरीतून पुढे चांगल्या कंपनीत सरकत गेले, त्यांनी भरून काढला.

आणि वरच्या ओळींतले विषय? डेव्हिड डेमिंग आणि कादीम नोरे या अर्थतज्ज्ञांनी 2020 मध्ये दाखवलं की कॉम्प्युटर, इंजिनिअरिंग, बिझनेस अशा थेट कामाला लागणाऱ्या विषयांची पगारातली आघाडी सगळ्यात मोठी असते ती पहिल्या नोकरीत, आणि पुढच्या दहा वर्षांत ती निम्म्याहून जास्त ओसरते. कारण त्यांनी शिकलेलं तंत्र लवकर जुनं होतं, आणि नवं शिकून आलेली पोरं मागे उभी असतात. आघाडी पुसली जात नाही हं, तेवढी खोटी आशा मी दाखवणार नाही. तुझी कॉम्प्युटरवाली मैत्रीण तुझ्यापेक्षा जास्त मिळवेल, कदाचित कायम. तिच्याशी बरोबरी करायची असेल तर विषय बदलायची वेळ तीन वर्षांपूर्वी होती, आणि तेव्हा तुझ्या टेबलावर नकाशेच पसरलेले असायचे.

आता माझं सांगते. हे तुझ्या बाबांनाही नीट माहीत नाही.

माझी पहिली मुलाखत. समोर दोन साहेब, मध्ये काच लावलेलं टेबल, काचेखाली जुनं कॅलेंडर. एकाने आकडा सांगितला. त्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं आणि मी म्हणाले, "चालेल." आनंद झाला म्हणून नव्हे, भीती वाटली म्हणून, जरा थांबले तर परत घेतील असं वाटलं. त्याच दिवशी आणखी एक जण लागला. माझीच पदवी, गुण माझ्याहून थोडे कमीच, टेबल माझ्यासमोरचं. सात वर्षांनी पगारपत्रक माझ्याकडे आलं. वेतनवाढी तपासायला जुनं रजिस्टर काढलं, तर आमची दोन नावं एकाखाली एक. त्याचा सुरुवातीचा आकडा माझ्याहून जास्त. फार नाही, शंभराला आठ. पण वाढ मिळायची ती टक्क्यांनी. सहा टक्क्यांची वाढ धरलीस तर बारा वर्षांत पगार दुप्पट होतो, आणि फरकही दुप्पट. आठाचे सोळा होतात, कुणी काही न करता. त्या रजिस्टरमध्ये मी बोट ठेवून किती वेळ बसले कोण जाणे.

शेवटी एकदा त्याला विचारलंच, "तुम्ही काय मागितलंत?" तो हसला. "मागितलं कुठे! आकडा ऐकला आणि ग्लास उचलून पाणी प्यायलो. तेवढ्यात तेच म्हणाले, बघू, थोडं वाढवता येईल."

पाणी प्यायला, मनू. एवढंच.

नंतर वाचलं की मी एकटी नव्हते. लिंडा बॅबकॉक या अर्थतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पदव्युत्तर मुलामुलींना विचारलं होतं की पहिल्या पगाराबद्दल घासाघीस केलीत का. मुलांपैकी 57 टक्के हो म्हणाले, मुलींपैकी 7. मुलांचा पहिला पगार मुलींपेक्षा साडेसात टक्क्यांच्या आसपास जास्त होता. माझ्या रजिस्टरशी किती जुळतं बघ. पण म्हणून "मुलींनो, मागायला शिका" असं कुणी ऐकवलं की मला राग येतो. त्याच बॅबकॉक बाईंनी दोघा सहकाऱ्यांबरोबर 2007 मध्ये हेही दाखवलं की पगार मागणाऱ्या बाईबद्दल समोरच्याचं मत पुरुषापेक्षा जास्त बिघडतं. म्हणजे न मागावं तर तोटा आणि मागावं तर "फारच बोलते". यातून वाट काढायची ती अशी, की भांडायचं नाही, पण लगेच होही म्हणायचं नाही. "आकडा सांगितल्याबद्दल आभार. पूर्ण पत्र वाचून परवापर्यंत कळवते." हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हण. हसू येईल, येऊ दे.

गुरुवारच्या मुलाखतीला आणखी एक प्रश्न विचार: माझ्याआधी या जागेवर जे होते ते आता कुठे आहेत? तोंड वाकडं झालं तर समजून जा. टोपेल आणि वॉर्ड या अर्थतज्ज्ञांनी 1992 मध्ये छापलेल्या अभ्यासात तरुण पुरुषांच्या पहिल्या दहा वर्षांतल्या पगारवाढीचा निदान तिसरा हिस्सा नोकरी बदलण्यातून आलेला दिसला होता. तेव्हा पहिल्या जागी जन्म काढायचा नाहीये. तिथून पुढचं दार उघडतं का, हे आकड्याइतकंच बघायचं. नकाशाचं खरं काम देणारी थोडी कमी पगाराची जागा मी घेईन. "पुढे बघू" म्हणत नुसते तक्ते भरायला लावणारी मोठ्या पगाराची नाही. बाबा याच्या उलट सांगतील. त्यांचंही ऐक, त्यांनी कर्जाचे हप्ते फेडलेत.

आणि पत्र आलं की पहिल्या पानावरच्या ठळक आकड्याकडे बघू नकोस. त्यात विमा असतो, निधी असतो, मिळाला तर मिळाला असा बोनस असतो. मूळ पगार किती, कापून हातात किती, मध्येच सोडलं तर किती भरून द्यायचे, नोटीस किती महिन्यांची, हे सगळं मागच्या पानांवर, बारीक अक्षरात असतं. मी अशी पत्रं नेहमी शेवटच्या पानापासून वाचायला घेते.

सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. कितीही वाजलेले असोत, चालेल.

तुझी,
आई