कृत्रिम रेतनाच्या पावतीवर वळूची माहिती हवी

महोदय,

गायीच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो. संकलन केंद्रावर फॅट ३.२ लागली की दर कापला जातो आणि वर 'वैरण वाढवा' हा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही. खुराक जास्त आणि वैरण कमी झाली की फॅट उतरतेच. परंतु एकाच गव्हाणीत एकच मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) खाणाऱ्या, एकाच सुमारास व्यालेल्या दोन संकरित गायींपैकी एकीची फॅट ४ आणि दुसरीची ३.२ का लागते, याचे उत्तर वैरणीत सापडत नाही.

फॅटच्या प्रमाणात गायीगायींत जो फरक असतो, त्यातला सुमारे निम्मा आनुवंशिक असतो. एकूण दुधाच्या बाबतीत हा वाटा बराच कमी आहे. चौदाव्या गुणसूत्रावरील डीजीएटी१ या जनुकाच्या एका रूपाने फॅट वाढते, तर दुसऱ्याने फॅट उतरून दूध वाढते, हे २००२ पासून माहीत आहे. वशिंडाच्या देशी गायींमध्ये बहुतेक पहिलेच रूप आढळते, होल्स्टिन (एचएफ) या विदेशी जातीत मात्र दोन्ही. कालवडीला यातले एक रूप वळूकडून मिळते, म्हणून पुणे शहरात लिटरवर रतीब घालणाऱ्याने आणि दूध संघाला फॅटवर दूध देणाऱ्याने एकच वळू निवडण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षात गाय भरवताना वळूच्या वीर्याच्या कांडीवर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते, पण शेतकऱ्याला 'एचएफची आहे, चांगली आहे' एवढेच सांगितले जाते. (शहरात 'ए२' म्हणजे दुधातील एका प्रथिनाच्या विशिष्ट जनुकीय रूपाच्या दुधाच्या बाटलीवर गिऱ्हाइकाला जनुकाची माहिती मिळते, गोठ्यात मात्र नाही.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथे देशी गायींच्या जनुकीय तपासणीसाठी 'गौ चिप'चे लोकार्पण झाले. प्रत्येक गाय तपासणे आज परवडणार नाही, पण वळू मोजके असतात. पशुसंवर्धन विभागाने व जिल्ह्यातील दूध संघांनी वळूच्या आईचे वेतातील दूध, तिची फॅट आणि वळूचा डीजीएटी१ प्रकार रेतनाच्या पावतीवर मराठीत छापून द्यावा, आणि तीच नोंद गायीच्या कानातील बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकाशी जोडावी. आज भरवलेल्या गायीची कालवड दुधात येईपर्यंत सुमारे तीन वर्षे जातात. तोवर निवड बदलता येत नाही.

— एक दूध उत्पादक, शिरूर (जि. पुणे)