मेट म्हणजे एका पंगतीतला

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास की बसमधून उतरताना ड्रायव्हर तुला 'चीअर्स मेट' म्हणाला आणि अख्ख्या दिवसात तुझ्याशी बोललेला तो एकच माणूस, ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही रे. सकाळी उठल्या उठल्या बाबांची ती खाकी कव्हरची जाडी डिक्शनरी काढली आणि मेट शोधला. शब्द उत्तर जर्मनीकडून आलेला, मूळ अर्थ बरोबर बसून जेवणारा. त्याचं आणि मीटचं मूळ एकच, पूर्वी मीट म्हणजे कुठलंही अन्न, नुसतं मटण नाही. म्हणजे तो ड्रायव्हर तुला एका पंगतीतला म्हणाला बघ!

मग मी थांबलेच नाही, चहा गार झाला तरी मित्राला नाहीतर कुठल्याही पुरुषाला म्हणायचे असे आणखी इंग्रजी शब्द शोधत पानं उलटत बसले. फेलो हा शब्द नॉर्स लोकांचा, जे हजारेक वर्षांपूर्वी तुझ्या त्या यॉर्कशायरमध्ये येऊन राहिले होते. त्यांच्याकडे फेलागी म्हणजे धंद्यात पैसे एकत्र घालणारा, भागीदार. त्यातला 'फे' म्हणजे गुरंढोरं, कारण तेव्हा संपत्ती म्हणजे तीच, आणि तो फे नि आपला पशु दोन्ही एकाच मुळातून आलेत. चॅप म्हणजे चॅपमन, फिरता व्यापारी, आणि मधल्या काळात गिऱ्हाइकालाही चॅप म्हणायचे. लॅडचा जुना अर्थ नोकर, हरकाम्या. हे वाचून मला आपला गडी आठवला, शेतावर राबतो तोही गडी, कबड्डीत बाद होतो तोही गडी, आणि 'गडीमाणूस' म्हटलं की कुठलाही पुरुष.

पण सगळ्यात जास्त आनंद मला 'पाल' म्हणजे दोस्त, हा शब्द बघून झाला. हा शब्द इंग्लंडमधल्या रोमा लोकांचा, भटके लोक, त्यांचे पूर्वज फार पूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेलेले. त्यांच्या भाषेत फ्राल किंवा प्राल म्हणजे भाऊ, संस्कृतातला भ्रातृ तोच हा, आणि आपला भाऊसुद्धा त्यातूनच आलेला. सतराव्या शतकात तो इंग्रजीत शिरला आणि पाल झाला. आपण अनोळखी रिक्षावाल्याला 'ओ भाऊ' म्हणतो ना, अगदी तसंच. मी बाबांना हाक मारून ते पान दाखवलं, ते चष्मा लावून दोनदा वाचत बसले.

'गाय' (guy) या इंग्रजी शब्दाचं मात्र वेगळं आहे, तो प्रेमातून आलेला नाही. यॉर्कचा गाय फॉक्स ५ नोव्हेंबर १६०५ला लंडनच्या पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसकट पकडला गेला, राजाला उडवायचा कट होता. तेव्हापासून दरवर्षी त्या रात्री होळ्या पेटतात, पुढे त्यात त्याचा पुतळाही जाळू लागले, आणि त्या पुतळ्यालाच गाय म्हणायला लागले. जुने कपडे, आत पेंढा नाहीतर रद्दी, आणि पोरं तो गाडीवर घालून 'गायसाठी एक पेनी द्या' म्हणत फिरायची. आमच्या फोंड्याला दिवाळीत नरकासुराचा पुतळा करताना वाड्यावरची पोरं वर्गणीला दारोदार यायची तशीच रे, मीपण माझ्या भावाबरोबर गवत कोंबायला बसायचे, हाताला खाज सुटायची. पुढे गबाळ्या, विचित्र कपड्यांतल्या माणसाला गाय म्हणू लागले आणि अमेरिकेत गेल्यावर कुठलाही पुरुष गाय झाला. आता तर बायकासुद्धा. आमचे नवीन साहेब मीटिंगमध्ये 'ओके गाईज' म्हणतात आणि समोर आम्ही सहा बायका बसलेल्या असतो, मला ते आवडत नाही, मी त्यांना तसं सांगणार आहे.

तुमच्याकडे ५ तारखेला जाळ पेटेल तेव्हा खोलीत बसू नकोस, बघायला जा. आणि फराळाचं पार्सल मिळालं का? शेजारच्या खोलीतल्या त्या मुलाचं नाव अजून माहीत नाही म्हणालास. त्याचं दार वाजव, चिवड्याचा डबा घेऊन जा, चकल्या प्रवासात तुटल्या असतील तरी दे, आणि त्याला काय आवडलं ते मला कळव, पुढच्या वेळी ते जास्त करून पाठवते.

तुझी आई