साउथ लुआंग्वातील बुश कॅम्पवरील सुरक्षिततेच्या त्रुटींबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई कार्यालय

विषय : झांबिया सहलीत आढळलेल्या त्रुटी, अंशतः परतावा आणि लेखी खुलाशाची मागणी

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत आमच्या सहा जणांच्या गटाने सप्टेंबरमध्ये झांबियातील साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानातल्या एका लहान बुश कॅम्पवर मुक्काम केला. म्फुवे विमानतळापासून गाडीने तीन-चार तास आत, गवताच्या भिंती, बादलीचा शॉवर, मोबाइलला रेंज नाही, हे सगळे माहीत असूनच बुकिंग केले होते आणि त्यातल्या कशाबद्दलही आमची तक्रार नाही. लुआंग्वा नदीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात गाड्यांना पुढे सरकू देत नाही, म्हणून असे कॅम्प पावसाआधी मोडतात आणि दर हंगामात नव्याने उभारतात. तिथे पक्के बांधकाम कोणी मागणार नाही. पण दवाखाना जितका लांब, तंबूची जागा, रेडिओ, पाणी आणि औषधपेटी या गोष्टी तितक्या चोख लागतात. आमच्या मुक्कामात यांतली एकही चोख नव्हती.

सर्वांत गंभीर बाब तंबूंच्या जागेची. नदीकडच्या टोकाचे दोन तंबू पाणघोड्यांच्या वाटेला लागून ठोकलेले आहेत. ही वाट ओळखायला फार अनुभव लागत नाही : दोन समांतर चाकोऱ्या, मधोमध उंचवटा, आणि कडेच्या झुडपांवर शेपटीने उडवलेले शेण. तंबूच्या दारापासून ही वाट सात पावलांवर आहे. पाणघोडा अंधार पडल्यावर पाण्याबाहेर येतो, चरत काही किलोमीटर आत जातो आणि उजाडायच्या सुमारास ठरलेल्या वाटेने नदीकडे परततो. त्याच्या आणि पाण्याच्या मधे माणूस आला तर तो बाजूला होईल याचा भरवसा नसतो, सरळ अंगावर येऊ शकतो. कॅम्पवर पाहुण्यांना चहासाठी उठवतात ते पहाटे पाचला, म्हणजे नेमके त्याच्या परतीच्या वेळी. लुआंग्वा दर पावसाळ्यात काठ कापते आणि पात्र बदलते. गेल्या वर्षीची सुरक्षित जागा यंदा वाटेत येऊ शकते. म्हणून कॅम्प उभारण्याआधी सगळ्या वाटा पायी फिरून पाहायच्या असतात. इथे मागच्या हंगामाच्याच ओट्यांवर तंबू उभे केले होते.

त्यातला एक तंबू तर कायजेलियाच्या झाडाखाली होता. हे झाड पुण्या-मुंबईतही रस्त्याकडेला लावलेले दिसते, त्यामुळे त्याचे दोरीसारख्या देठावर लोंबणारे लांबट फळ अनेकांच्या ओळखीचे असेल. ते फळ पाच-सात किलोंचे, कधी त्याहूनही जड असते. अशा झाडाखाली जाणते चालक गाडीसुद्धा उभी करत नाहीत. झाडावर मागच्या हंगामाची फळे लटकत होती आणि खाली कॅनव्हासच्या छताखाली माणसे झोपणार होती. आम्ही हे दाखवल्यावर गाईडने दुसऱ्या सकाळी फळे काढून घेतली, त्याबद्दल त्याचे आभार. पण पहिली रात्र तशीच गेली, आणि हे काम पाहुण्यांनी सुचवायचे नसते.

अंधार पडल्यावर तंबू ते जेवणाची जागा हे अंतर एकट्याने चालायचे नाही, कर्मचारी न्यायला येईल, हा नियम पहिल्या दिवशी सांगितला गेला. नियम योग्यच आहे. मात्र कर्मचाऱ्याला बोलवायचे कसे याची सोय नव्हती. प्रत्येक तंबूत शिट्टी, हवेचा भोंगा किंवा हातातला रेडिओ असायला हवा. आमच्या तंबूंत यांपैकी काही नव्हते. चौकशी केल्यावर समजले की हातातले रेडिओ चार्ज होत नाहीत, कारण मुख्य बॅटऱ्याच रात्री नऊच्या सुमारास उतरतात. बॅटरीच्या पेटीवरचा आकडा आम्ही स्वतः पाहिला : ११.४ व्होल्ट. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.७ दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. ११.४ म्हणजे ती जवळजवळ रिकामी, आणि रोज इतकी उतरवली तर काही महिन्यांत कायमची निकामी. कारण समोरच होते. मांसाचा फ्रीझर, पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांचे चार्जर आणि संपर्काचा मुख्य रेडिओ, सगळे एकाच बॅटरी-संचावर जोडलेले होते. रेडिओसाठी वेगळी बॅटरी आणि वेगळे लहान सोलर पॅनेल ठेवले, तर फ्रीझर बंद पडला तरी कॅम्पचा आवाज बाहेर पोचतो. हा खर्च एका पाहुण्याच्या एका रात्रीच्या भाड्याहून जास्त नसावा. सॅटेलाइट फोन होता, पण त्यात शिल्लक नव्हती.

आता पाण्याबद्दल. बोअरचा पंप बंद होता आणि तो कधीपासून बंद आहे हे कोणी सांगितले नाही. पाणी नदीतून येत होते, तेही काठच्या संथ डबक्यातून. सप्टेंबरमध्ये नदी आटलेली असते, उरलेल्या डोहांत पाणघोडे दाटीने बसतात, आणि त्यांची सगळी विष्ठा त्याच पाण्यात मिसळते. असे पाणी नुसते सिरॅमिक कँडलच्या फिल्टरमधून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले जात होते. कँडल जिवाणू अडवते, विषाणू अडवत नाही, आणि गढूळ पाण्याने ती लवकर बुजते. योग्य क्रम साधा आहे : पाणी स्थिर ठेवायचे, तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, वरचे नितळ पाणी काढून क्लोरीन घालून किमान अर्धा तास ठेवायचे, मग फिल्टर. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन घातले तर ते गाळातच खर्ची पडते. नाहीतर सरळ खळखळून उकळायचे. स्वयंपाकघरात तुरटीही नव्हती आणि क्लोरीनही नव्हते.

अंघोळीच्या पाण्यात याहून मोठा दोष होता. बादलीत गरम पाणी चुलीवरचे, पण विसाण म्हणून घातलेले पाणी त्याच डबक्यातले, त्याच दिवशी भरलेले. आफ्रिकेतल्या संथ गोड्या पाण्यात गोगलगायींमार्फत बिलहार्झिया या परजीवी रोगाचे जंतू येतात आणि ते पाणी न पिताही, नुसत्या त्वचेतून शरीरात शिरतात. हे जंतू पाण्यात जेमतेम दोन दिवस जगतात. म्हणून पाणी झाकलेल्या टाकीत दोन दिवस साठवून वापरले, किंवा सगळेच्या सगळे पाणी ६५ अंशांपर्यंत पाच मिनिटे तापवून मग निवू दिले, तर धोका टळतो. कॅम्पवर दोन मोठी पिंपे रिकामी पडून होती. ती आळीपाळीने भरली असती तरी पुरे होते. या रोगाची रक्ततपासणी संपर्कानंतर सहा ते आठ आठवड्यांनी करावी लागते, त्याआधी ती चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. त्या तपासणीचा खर्च आम्ही आपल्याकडे मागत आहोत.

पायी सफारी हे या उद्यानाचे वैशिष्ट्य. नॉर्मन कार यांनी ती इथे रुजवली आणि तिची शिस्तही ठरलेली आहे : पुढे रायफलधारी स्काउट (वन्यजीव रक्षक), त्याच्यामागे गाईड, मग एका ओळीत पाहुणे, शेवटी चहाचे सामान घेतलेला कर्मचारी. आमच्या वेळी कॅम्पचा एकमेव स्काउट दुसऱ्या गटाबरोबर पाठवला गेला आणि गाईडला स्काउटशिवाय आम्हाला घेऊन जाण्याची सूचना कार्यालयातून आली. आम्ही नकार दिला आणि गाईडनेही आमची बाजू घेतली. त्यानंतर सफारी रद्द झाली, ती 'पाहुण्यांच्या इच्छेने' अशी नोंद करून, म्हणजे परताव्याविना. ही नोंद खोटी आहे, ती दुरुस्त करावी.

औषधपेटीत मलेरियाची रॅपिड टेस्ट किट नव्हती, मलेरियावरच्या आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन गोळ्यांची मुदत संपलेली होती. धावपट्टीवर दिवे नसल्याने विमान फक्त दिवसा उतरते. रात्री ताप चढला तर सकाळपर्यंत ही पेटीच काय ते साधन.

यात आपल्या मुंबई कार्यालयाचाही दोष आहे. आपल्या माहितीपत्रकात 'जंगलात गडद निळे किंवा काळे कपडे घालावेत' असे छापले आहे. त्से-त्से माशीला हेच दोन रंग सर्वांत जास्त खेचतात. तिला पकडायचे सापळे निळ्या-काळ्या कापडाचेच करतात. लुआंग्वा खोऱ्यात ही माशी निद्रारोग पसरवते आणि नेहमीच्या डासविरोधी मलमाला ती फारशी जुमानत नाही. खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे, जाड विणीचे, पूर्ण बाह्यांचे कपडे असे तिथे लिहायला हवे. मलेरियाच्या गोळ्या 'परत येताच बंद कराव्यात' हे वाक्यही घातक आहे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस आणि डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवायची असते, कारण जंतू अंगात असले तर ताप परतल्यानंतरही येऊ शकतो. दोन शाकाहारी सदस्यांची लेखी सूचनाही कॅम्पपर्यंत पोचली नव्हती. तिथे शिधा आठवड्यातून एकदा येतो, आयत्या वेळी काही करता येत नाही. तरी स्वयंपाक्याने भोपळा, शेंगदाणे आणि न्शिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) यांवर त्यांचे पोट भरेल असे रोज काहीतरी केले.

आमच्या मागण्या अशा. रद्द झालेल्या पायी सफारीचे पूर्ण शुल्क आणि नदीकाठच्या दोन तंबूंचे संपूर्ण भाडे परत मिळावे, तसेच वर सांगितलेल्या तपासणीचा खर्च द्यावा. ही रक्कम गाईड, स्वयंपाकी किंवा इतर कर्मचाऱ्यांच्या पगारातून वा बक्षिसीतून कापली जाणार नाही, असे लेखी कळवावे. साधने नसताना त्यांनी आपले काम मन लावून केले. माहितीपत्रक ताबडतोब मागे घ्यावे. हंगाम अजून चालू आहे, त्यामुळे त्या दोन तंबूंत पुढचा गट उतरण्याआधी ते हलवल्याचे छायाचित्र आणि रेडिओची वेगळी बॅटरी बसवल्याची खात्री आम्हाला पाठवावी.

तंबू, वाट, बॅटरीवरील आकडा आणि औषधांच्या मुदतीची छायाचित्रे, तसेच बुकिंगच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. तंबूंबाबतचे उत्तर सात दिवसांत आणि बाकीचे तीस दिवसांत न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
सहा प्रवाशांच्या गटातर्फे
पुणे